सुरसागरकाठचा प्रश्न

शनिवारी दुपारी आमच्या सोसायटीतल्या पाचसहा मुली माझ्याकडे पेटी शिकायला येतात. शिकवणं कसलं, मला जेवढं येतं तेवढं त्यांच्या हाती द्यायचं, इतकंच. त्यात मागच्या गल्लीतली एक अकरा वर्षांची मुलगी होती. गळा असा की मी सांगितलेला अलंकार ती एकदा ऐकून म्हणायची, आणि मग मीच तिच्याकडून ऐकत बसायचे. रमजान संपला, ईद झाली, तिच्या घरून शीरखुर्मा आला. पुढच्या शनिवारी मात्र ती आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी तिची आई आली ती वही परत द्यायला.

"भाभी, अब नहीं आएगी. हमारे में मना है, मालूम नहीं था इतना."

मी काही बोलले नाही. बोलणार काय? धर्माचं कारण कुणी सांगितलं की आपण बायका गप्प बसतो. आपल्या घरातही असंच गप्प बसलेलो असतो.

त्याच आठवड्यात आमच्या मंडळात हा विषय निघाला. एक काकी म्हणाल्या, "त्यांच्यात गाणं हरामच आहे ना, त्यात नवल काय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र घास अडकल्यासारखं झालं. आम्ही बसलो होतो ते बडोद्यात! रोज भाजी आणायला आम्ही ज्या सुरसागरावरून जातो, त्याच्या काठावरचं संगीत महाविद्यालय कुणी सुरू केलं? पहिला गुरुजी कोण होता? मौलाबक्ष. आणि या गावच्या दरबारात ज्यांच्या गाण्याने रात्र उजाडायची, ते फैयाज खाँ कोण होते? मग हराम म्हणणारे खरे की हे खरे? की दोघंही? तेव्हापासून मी वाचत गेले. मी काही अरबी जाणणारी पंडिता नव्हे. भाषांतरं वाचली, जाणत्यांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते मैत्रिणींपुढे ठेवते आहे.

आधी मौलाबक्षांचंच सांगते. जन्म १८३३चा. मूळ नाव चोलेखाँ. कुणा फकिराने त्यांचं गाणं ऐकून 'मौलाबक्ष' म्हणजे ईश्वराची देणगी हे नाव दिलं, असं त्यांच्या घराण्यात सांगतात. जरा थांबून बघा हं, गाण्यावर खूश होऊन हे नाव देणारा माणूस फकीर होता, म्हणजे धर्मातलाच माणूस. पुढे मौलाबक्ष दक्षिणेत गेले, म्हैसूर दरबारात मान मिळवला, कर्नाटक संगीताचा अभ्यास केला आणि बडोद्याला स्थिरावले. १८८६ साली महाराज सयाजीरावांनी गायनशाळा काढली आणि ती मौलाबक्षांच्या हाती दिली. तोवर गाणं शिकायचं तर उस्तादांच्या घरी पाणी भरावं लागे. इथे वेळापत्रक होतं, फळा होता, स्वरलिपी होती. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि पाठ्यपुस्तकं काढली. आज आपली मुलं वहीत सा-रे-ग लिहून घेतात. तशी सवय लावणाऱ्यांत हा यकूतपुऱ्यात राहणारा मुसलमान गवई अगदी पहिल्या रांगेत होता. १८९६ साली ते वारले. त्यांची गायनशाळा पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेली आणि आजही चालू आहे.

आता धर्मग्रंथाकडे वळू. पहिली गोष्ट, कुराणात 'संगीत' हा शब्दच नाही. ज्या आयतीचा आधार मनाई करणारे घेतात, ती लुकमान नावाच्या एकतिसाव्या सूरेतली सहावी. तिच्यात लोकांना ईश्वराच्या मार्गापासून दूर नेण्यासाठी रिकाम्या करमणुकीच्या गोष्टी विकत घेणाऱ्यांची निंदा आहे. आता 'रिकाम्या गोष्टी' म्हणजे काय? पैगंबरांचे एक सोबती इब्न मसूद म्हणत, याचा अर्थ गाणंच. दुसरे भाष्यकार म्हणतात, अर्थ कहाण्यांचा आहे. कुराण ऐकू नये म्हणून मक्केत कुणी परदेशच्या राजांच्या गोष्टी सांगायचा, त्याच्यावर हा रोख होता. तिसरे म्हणतात, शब्दाकडे पाहू नका, हेतूकडे पाहा. लोकांना भलत्या वाटेला लावण्यासाठी केलेली कुठलीही गोष्ट वाईट, मग ती गाणं असो की गप्पा. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ, आणि तिन्ही अर्थ लावणारी माणसं विद्वान आणि श्रद्धाळू.

मग येतात हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्यावागण्याच्या आठवणी. बुखारींच्या संग्रहात एक आहे. पुढे असे लोक येतील जे रेशीम, मद्य आणि वाद्यं या गोष्टी योग्य ठरवतील, असा तिचा आशय. मनाई मानणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम आधार. पण अकराव्या शतकात स्पेनमधल्या कोर्दोव्याचे इब्न हज्म यांनी तिच्यावर बोट ठेवलं. प्रत्येक हदीसला साखळी असते: हे मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून. इब्न हज्म म्हणाले, इथे बुखारींनी आपण स्वतः ऐकलं असं म्हटलेलं नाही, साखळीची कडी तुटलेली आहे. पुढे पंधराव्या शतकात इब्न हजर यांनी दुसऱ्या वाटेने ती कडी जोडून दाखवली. म्हणजे चारशे वर्षं एका कडीवर वाद! आपण बायका लग्नाच्या याद्यांवरून जेवढं भांडतो त्याच्यापेक्षा हे चिवट होते. आणि इब्न हज्म काही मोकळेढाकळे गृहस्थ नव्हते हं. ते शब्दाला शब्द लावणारे, अतिशय काटेकोर शास्त्री. त्यांचं म्हणणं इतकंच की स्पष्ट पुरावा नसेल तर ईश्वराच्या नावावर मनाई खपवू नये.

मला त्या वादातली बासरीची गोष्ट फार आवडली. इब्न उमर रस्त्याने चालले होते, बरोबर नाफी नावाचा त्यांचा शिष्य. मेंढपाळाची बासरी ऐकू आली तशी इब्न उमरांनी कानात बोटं घातली आणि वाट बदलली. मधूनमधून नाफीला विचारत, "अजून ऐकू येते का?" तो "नाही" म्हणेपर्यंत चालत राहिले. नंतर म्हणाले, पैगंबरांना मी असंच करताना पाहिलं आहे. झाली मनाई सिद्ध! पण दुसरा पक्ष विचारतो: बासरी ऐकणं पाप असतं तर नाफीच्या कानात बोटं का नाही घातली? त्याला तर मुद्दाम ऐकायला लावलं! आणि मेंढपाळाला 'बंद कर' असंही कुणी म्हटलं नाही. म्हणजे त्या थोर माणसाने आपल्यापुरता वर्ज्य केलेला तो सूर. दुसऱ्यावर लादलेला नाही. हदीस जमवणारे अबू दाऊद यांनी तर या कथेच्या खरेपणावरच शंका घेतली आहे.

आणि आता ती दोन मुलींची गोष्ट. ती आपण स्त्रियांनी नीट ऐकावी. ईदचा दिवस. आयेशांच्या घरात दोन मुली डफ वाजवून जुन्या लढाईची गाणी म्हणत होत्या. पैगंबर तिथेच तोंड फिरवून पहुडलेले. आयेशांचे वडील अबू बक्र आले आणि रागावले, पैगंबराच्या घरात हे सैतानी सूर कसले? पैगंबरांनी त्यांना थांबवलं. गाऊ दे, प्रत्येक समाजाचा सण असतो आणि हा आपला सण आहे, अशा अर्थाचं ते बोलले. ही हदीसही बुखारींकडेच आहे. मनाईवाले म्हणतात, ही सवलत लहान मुलींना, ती ईदपुरती आणि डफापुरती. शिवाय अबू बक्रांनी 'सैतानी' म्हटलं ते पैगंबरांनी खोडलं नाही. परवानगीवाले म्हणतात, घर कुणाचं, गात होतं कोण आणि थांबवलं कुणाला ते बघा!

या गोष्टीवरून गझालींनी काढलेला निष्कर्ष वाचून मी चमकले. गझाली (१०५८ ते ११११) म्हणजे मुस्लिम जगातलं किती मोठं नाव! त्यांच्या मोठ्या ग्रंथात गाणं ऐकण्यावर आणि त्याने येणाऱ्या भावावस्थेवर एक अख्खं प्रकरण आहे. ते म्हणतात, या मुलींचा आवाज पैगंबरांच्या कानी पडत होता, तेव्हा स्त्रीचा आवाज मुळातच निषिद्ध आहे असं म्हणता येणार नाही. ऐकणाऱ्याच्या मनात विकार उठण्याचं भय असेल तिथे मात्र टाळावा. दोष आवाजात नाही, ऐकणाऱ्यात आहे. आठशेनऊशे वर्षांपूर्वीचं हे बोलणं. आजही कित्येक देशांत आणि कित्येक घरांत बाईचा सूर हाच गुन्हा ठरतो. इराणमध्ये १९७९ नंतर पुरुषांसमोर स्त्रीने एकटीने गाण्यावर बंदी आली, अफगाणिस्तानात तालिबानने तर वाद्यंच जाळली. आणि 'चांगल्या घरच्या मुली गात नाहीत' हे वाक्य ऐकायला तेवढ्या लांब जायचीही गरज नाही.

गझालींच्या अटी साध्या: वेळ पाहा, जागा पाहा, सोबत पाहा, आणि गाण्याने तुमच्या मनात आधीच काय आहे ते वर येतं हे लक्षात ठेवा. त्यांनीही काही तंतुवाद्यं आणि सुषिरवाद्यं वर्ज्यच मानली, कारण ती त्या काळी दारूच्या बैठकीची खूण होती. त्यांच्यानंतर दोनेक शतकांनी इब्न तैमिया (१२६३ ते १३२८) आले. त्यांना धर्माच्या नावाने गाणं हे तर अधिकच वाईट वाटे. मौजेचं गाणं म्हणजे चूक, पण त्यालाच उपासना म्हणणं म्हणजे धर्मात भेसळ. मोकळेपणाने सांगायचं तर त्यांचा हा मुद्दा मला अगदीच पोकळ वाटत नाही. सिनेमाच्या चालीवर आरती ऐकली की मीही मनातून इब्न तैमियाच होते.

हनफी, मालिकी, शाफिई आणि हंबली या सुन्नींच्या चारही न्यायशाखांचा कल बहुतेक वाद्यांना नकार देण्याकडेच राहिला, लग्नात डफाला मुभा देऊन. आपल्याकडचे बहुतेक सुन्नी हनफी. पण सगळ्या विद्वानांचं मनाईवर एकमत आहे हे मात्र खरं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला येमेनच्या शौकानींनी केवळ एवढंच दाखवण्यासाठी पुस्तिका लिहिली. काहिरा येथील अल-अझहरचे शेख महमूद शलतूत आणि नंतर युसूफ करजावी यांनी अश्लीलता, नशा आणि कर्तव्यात कसूर नसेल तर गाणं चालतं असा निर्वाळा दिला. उलट देवबंदचे उलेमा नाही म्हणतात. आणि गंमत बघा, दर्ग्यांचा कैवार घेणाऱ्या बरेलीच्या अहमद रझा खाँ यांनीसुद्धा वाद्यांसह कव्वालीला मान्यता दिली नव्हती. त्यामुळे 'दर्ग्यावाले ते गाणारे आणि मदरशावाले ते न गाणारे' अशी सोपी वाटणीही टिकत नाही.

आणखी एक गाठ शब्दाची. अरबीत 'मूसीकी' हा शब्द ग्रीकांकडून आला, आणि त्यात अजान येत नाही, कुराणपठणही येत नाही. आमच्या घरी पहाटे जी अजान येते ती मला भैरवाच्या जवळपासची वाटते. पण तिला 'गाणं' म्हटलेलं त्या मुलीच्या आईला मुळीच रुचणार नाही. सुंदर स्वरात कुराण म्हणण्याची कला शिकवतात, तिच्या स्पर्धा होतात, आणि तरी ते गाणं नव्हे. तेव्हा 'इस्लाममध्ये संगीत निषिद्ध' या वाक्यात 'संगीत' म्हणजे नक्की काय, इथपासूनच तयारी करावी लागते.

आता आपल्या देशात या. दिल्लीला निजामुद्दीन औलियांच्या खानकाहात गाणं चाले. गियासुद्दीन तुघलकाच्या काळात, म्हणजे १३२० ते १३२५ या पाच वर्षांत कधीतरी, मौलवींनी तक्रार केली आणि सुलतानाने दरबारात वादसभा भरवली. शेखांनी हदीस पुढे केली तर समोरचे म्हणाले, हदीस नको, अबू हनीफांचं मत दाखवा! या उत्तराने म्हातारे शेख फार दुखावले, असं त्यांच्या शिष्यपरंपरेतल्या चरित्रात लिहिलं आहे. बाहेरचे देश फिरून आलेल्या एका मौलानांनी साक्ष दिली की बगदाद-शामकडेही सूफी ऐकतातच. शेवटी सुलतानाने बंदी घातली नाही. पण त्याच निजामुद्दीनांचे उत्तराधिकारी नसीरुद्दीन चिराग-ए-दिल्ली वाद्यं वाजू लागली की मैफलीतून उठून जात. गुरू-शिष्यांतही मतभेद, आणि तरी गादी एकच.

आपल्या गुजरातचं तर काय सांगावं. पंधराव्या शतकातले शेख बहाउद्दीन यांना सूर इतका प्रिय की त्यांनी आपलं टोपणनाव 'बाजन' घेतलं. बिरपूरचे काझी महमूद दरियाई यांची पदं रागांची नावं देऊन लिहिलेली आहेत, आणि नावातच 'काझी'! भरूच जिल्ह्यात रतनपूरच्या डोंगरावर बावा गोर आणि त्यांची बहीण माई मिसरा यांच्या थडग्यांपाशी सिद्दी लोक ढोल वाजवून धमाल नाचतात. ती त्यांची भक्ती. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचा ताल त्यांनी गुजरातच्या मातीत जपला. माई मिसराच्या स्थानाला बायका लेकराबाळांसाठी नवस बोलतात, त्यात सगळ्या धर्मांच्या बायका असतात.

औरंगजेबाचं नाव काढल्याशिवाय हा विषय संपत नाही. गवय्यांनी संगीताची तिरडी काढली आणि बादशहा म्हणाला, खोल पुरा म्हणजे पुन्हा वर येणार नाही. शाळेत ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मनुची आणि खाफी खान यांनी ती लिहिली आहे. पण कॅथरीन ब्राउन या अभ्यासिकेने त्या काळचे कागद तपासले तेव्हा दिसलं की बादशहाने स्वतः ऐकणं सोडलं, दरबारातलं गाणं थांबवलं. पण सरदारांच्या आणि शहजाद्यांच्या घरी ते चालूच राहिलं. उलट त्याच्याच राज्यात संगीतावर फारसी ग्रंथ लिहिले गेले. फकीरुल्लाचा रागदर्पण हा १६६६चा. इब्न उमरांच्या बासरीसारखंच हे: एकाने कानात बोटं घातली म्हणून सूर थांबला नाही.

एक तारीख मात्र मला फार जवळची वाटली. १३७४-७५ साली गुजरातच्या सुभेदाराच्या इच्छेवरून भारतीय संगीतावर एक फारसी ग्रंथ लिहिला गेला, 'घुन्यतुल मुन्या'. आपल्या संगीतावरचा तो सर्वांत जुना फारसी ग्रंथ मानतात. आणि त्याच्या अवघी पंचवीस वर्षं आधी, १३५० साली, याच गुजरातेत सुधाकलश नावाच्या जैन वाचनाचार्यांनी 'संगीतोपनिषत्सारोद्धार' संस्कृतात लिहिला होता. एक दीक्षित जैन साधू, आणि विषय नाद, ताल, राग, नृत्य! तो ग्रंथ १९६१ साली बडोद्याच्याच प्राच्यविद्या मंदिराने छापला, डॉ. उमाकांत शहांनी संपादून. मंडळात हे सांगितलं तर एकीला खरंच वाटेना.

कारण आपल्या घरातही हा प्रश्न मिटलेला नाही, बायांनो. उत्तराध्ययनात चित्तमुनी ब्रह्मदत्त राजाला गाण्यानाचण्याबद्दल काय सुनावतात ते वाचा. त्यांच्या लेखी गाणं हे रडण्याहून वेगळं नाही. स्थानकवासी मैत्रिणींच्या उपाश्रयात पेटी वाजत नाही. मंदिरमार्गी भावनेत ढोलक आणि बेन्जो रात्री अकरापर्यंत. काही महाराजसाहेब माइकही वापरत नाहीत. तबल्याला चामडं असतं म्हणून एका आजींनी मला तो देवापुढे ठेवू दिला नव्हता, आणि त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. श्वेतांबर परंपरा सांगते की तीर्थंकरांची देशना मालकोस रागात होते. आम्हा दिगंबरांच्या पुराणात नीलांजना नाचता नाचता कोसळते आणि ऋषभदेवांना वैराग्य येतं. तो नाच नसता तर? गेल्या पर्युषणात स्तवन-स्पर्धेला की-बोर्ड आणायचा की नाही यावरून आमच्या मंडळात दोन तट पडले होते, आणि ज्या काकी 'त्यांच्यात हरामच' म्हणाल्या त्याच की-बोर्ड नको म्हणणाऱ्यांत पुढे होत्या. इथे लगेच कुणी 'अनेकांत' म्हणून हात झटकेल. मला ते पटत नाही. अनेकांताचं नाव घेऊन आपण बहुतेक वेळा दुसऱ्याची बाजू ऐकायचं टाळतोच.

माझं माहेर मिरजेकडचं. तिथे तंबोरे करणारे कारागीर मुसलमान. मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचा धंदा बसला आणि त्यांनी भोपळा हाती घेतला. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, आणि दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ तिथे मोठमोठे गायक हजेरी लावतात. लहानपणी आजोळच्या माणसांबरोबर मी ती ऐकली आहे, पेंगत पेंगत. तेव्हा कुणाला ते धर्मात बसतं की नाही असं विचारायचं सुचलं नव्हतं. लग्न होऊन बडोद्याला आले आणि कळलं, करीम खाँसाहेबही याच दरबारात होते! १८९०च्या दशकात ते आपल्या भावासह इथे गात. सरदार माने यांच्या घराण्यातल्या ताराबाई त्यांच्याकडे शिकत होत्या. दोघांनी एकमेकांना पसंत केलं आणि बडोदं सोडलं. सरदाराची मुलगी आणि मुसलमान गवई. केवढा गहजब झाला असेल. पुढे १९२२च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी आईचं माने हे आडनाव लावलं. मोठी मुलगी हिराबाई, तिने आईच्या माहेरगावावरून 'बडोदेकर' हे नाव घेतलं. ज्या गावाने आईला पोटात ठेवलं नाही, त्याचं नाव मुलीने देशभर गाजवलं. करीम खाँच्याच घराण्यातले वहीद खाँ यांची तालीम घेऊन हिराबाई तिकीट लावून, व्यासपीठावर बसून, सभ्य श्रोत्यांपुढे गायल्या. त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या बायांना हे अशक्य होतं. त्यांना मनाई कुठल्या धर्माने केली होती? धर्माचं नाव न घेताही ती पुरेशी होती.

१९१६ साली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, भातखंडे तिचे सूत्रधार. त्या परिषदेत मुंबईच्या अतिया बेगम फैजी होत्या. सुलेमानी बोहरा घरातल्या आणि १९१४ साली भारतीय संगीतावर इंग्रजीत पुस्तक लिहिलेल्या. मला त्या पुरुषांनी भरलेल्या मंडपात बसलेल्या अतिया बेगम डोळ्यांपुढे येतात.

मौलाबक्षांचा नातू इनायत खाँ १८८२ साली यकूतपुऱ्यातल्या घरात जन्मला. लहानपणी दरबारात त्याने गणपतीचं स्तोत्र गाऊन महाराजांकडून बक्षीस मिळवलं, असं त्याच्या चरित्रात आहे. हैदराबादेत त्याला चिश्ती गुरू भेटले, आणि १९१० साली तो वीणा घेऊन अमेरिकेला निघाला. पुढे तोच इनायत खाँ सूफी उपदेशक म्हणून युरोपभर ओळखला गेला, आणि शेवटी त्याने गाणंवाजवणं सोडलं. पाप म्हणून नव्हे. आता माणसांचे सूर लावायचे आहेत अशी त्याची भावना होती. त्याची लेक नूर, मॉस्कोत जन्मलेली, बालकांसाठी जातककथा लिहिणारी, वीणा वाजवणारी. दुसऱ्या महायुद्धात तिने फ्रान्समधून गुप्त संदेश पाठवले आणि १९४४ साली डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली गेली. बडोद्याच्या गायनशाळेच्या पहिल्या गुरुजींची ही पणती. यकूतपुऱ्यातून जाताना किती जणींना हे ठाऊक असतं?

फैयाज खाँ १९१२च्या सुमारास बडोद्याला आले ते इथलेच झाले. 'प्रेमपिया' या नावाने त्यांनी बंदिशी रचल्या, आणि त्यांत कृष्ण सर्वत्र. १९५० साली ते इथेच वारले, इथेच पुरले. २००२च्या दंगलीत त्यांच्या कबरीची नासधूस झाली. नंतर ती दुरुस्त केली. धर्मशास्त्री त्यांच्या गाण्याला नाही म्हणत होते आणि दुसऱ्या बाजूच्या लोकांना त्यांचं नाव तेवढं दिसलं, गाणं नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर मी एक दिवस त्या मुलीच्या आईकडे गेले. वाद घालायला नव्हे. ईदची ती दोन मुलींची गोष्ट आणि गझालींचं म्हणणं मी गुजरातीत एका कागदावर उतरवून नेलं होतं, कारण ती गुजराती शाळेत शिकलेली. तिने चहा केला. कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "ये डफवाली बात तो मालूम है भाभी. लेकिन मेरे ससुर बोलते हैं, शक हो तो छोड़ दो." मी म्हटलं, आमच्याकडेही शंका आली की आम्ही कंदमूळ सोडतो. ती हसली. कागद तिने घडी करून फ्रिजवरच्या डब्याखाली ठेवला आणि नवऱ्याला दाखवते म्हणाली.

निघताना आतल्या खोलीतून मुलगी नात म्हणत असल्याचा आवाज आला. वाद्यं नाहीत, नुसता गळा. मी दारात चप्पल घालत थोडा वेळ काढला. तिची आई बघत होती, पण काही बोलली नाही. तिची वही अजून माझ्याकडेच आहे, पेटीच्या खणात.